टायर बदलले आणि पल्ला घटला

गेल्या थंडीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे अमेरिकेहून पत्र आले. आले संगणकावरूनच, पण चांगले चार पानी होते. कोलोराडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी तो राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने विजेवर चालणारा पिकअप ट्रक घेतला. पुढे पाच जणांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशा गाडीला तिकडे सरळ 'ट्रक'च म्हणतात. बॅटरी पूर्ण भरली की त्याची गाडी ५०० किलोमीटर जात असे. मूळचे टायर झिजले म्हणून त्याने नवे घातले, आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरही जाता यावे म्हणून जाड, खोल नक्षीचे घातले. त्यानंतर तीच गाडी ४२५ किलोमीटरवर दम टाकू लागली. "सर, बॅटरी गेली काय हो माझी?" असा त्याचा प्रश्न होता. बॅटरी बदलायची तर खर्च फार मोठा, आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर चार्जिंगची ठिकाणे विरळ. त्यामुळे ७५ किलोमीटर कमी होणे ही त्याच्या दृष्टीने चेष्टेची गोष्ट नव्हती.

आम्ही त्याला लिहिले, "बॅटरीला दोष देण्याआधी टायरचा हिशेब कर." तो हिशेब करताना आमच्या लक्षात आले, की आठवी ते दहावीच्या वर्गात शिकवतो त्याहून अधिक काही यात लागत नाही. कार्य, बल, घर्षण, स्थितिज ऊर्जा, वर्तुळाचा परीघ एवढे पुरते. म्हणून तो येथे देत आहोत.

प्रथम एक साधा प्रश्न. डिझेलच्या गाडीचे टायर बदलल्यावर कोणी अशी तक्रार करताना आपण सहसा ऐकत नाही. मग विजेच्या गाडीतच हे का जाणवावे? उत्तर बॅटरीच्या आकारात आहे. अशा पिकअपच्या मोठ्या बॅटरीत सुमारे १३० युनिट वीज मावते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातलेच युनिट, किलोवॉट-तास. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. म्हणजे सव्वातीन टनांची ही अजस्र गाडी अवघ्या १३ लिटर डिझेलच्या शिदोरीवर ५०० किलोमीटर निघते! तिला हे जमते, कारण बॅटरीतली सुमारे ८५ टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. डिझेल इंजिनात मात्र निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेच्या गाडीत ब्रेक लावतानाही मोटार उलट जनित्रासारखी चालून थोडी वीज परत मिळवते. इंजिनाची उधळपट्टी गेली, ब्रेकमधली बरीचशी गेली. सपाट रस्त्यावर खर्चाच्या वहीत मोठी कलमे दोनच राहिली, हवेचा विरोध आणि चाकाचा विरोध. शिदोरी लहान आणि कलमे दोन, तेव्हा त्यातले एक वाढले की लगेच डोळ्यांत भरते. डिझेलवाल्याचे एखादे लिटर जास्त जळते, तो पंपावर दोन मिनिटे थांबतो आणि विसरतो.

चाकाचा विरोध म्हणजे नेमके काय? येथे विद्यार्थ्यांची (आणि खरे सांगायचे तर आपलीही) एक गैरसमजूत असते. चाक रस्त्यावर घासते म्हणून ऊर्जा जाते, असे आपल्याला वाटते. पण नीट फिरणारे चाक रस्त्यावर जवळजवळ घासतच नाही. ऊर्जा जाते ती रबराच्या आत.

वर्गात हे दाखवायला एक व्हॉलीबॉल पुरे. तो चांगला फुगवून एक मीटर उंचीवरून सोडा आणि किती वर उसळतो ते भिंतीवरच्या खुणेशी पाहा. मग थोडी हवा सोडून तसेच करा. दोन्ही वेळा चेंडू खाली पडताना त्याच्यापाशी तेवढीच ऊर्जा होती, पण मऊ चेंडू जास्त दबला आणि कमी उसळला. दबताना घेतलेली ऊर्जा त्याने पूर्ण परत केली नाही, काही भाग उष्णता करून ठेवून घेतला. रबराच्या या सवयीला 'हिस्टेरेसिस' म्हणतात. नाव जड आहे, पण अर्थ उसने घेऊन पुरते न फेडणे एवढाच.

टायरचे तेच होते. जमिनीला टेकतो तेथे टायर चपटा होतो. टेकलेल्या भागाच्या पुढच्या अर्ध्यात रबर दबत असते, मागच्या अर्ध्यात ते सुटत असते. दबणारे रबर जेवढ्या जोराने चाकाला मागे रेटते, तेवढ्या जोराने सुटणारे रबर पुढे ढकलत नाही. या दोहोंतला फरक म्हणजे चाकाचा विरोध. लांबून आलेल्या एसटीच्या टायरला थांब्यावर हात लावून पाहा, तो कोमट लागेल. डिझेलची थोडी ऊर्जा तेथे जमली आहे.

या विरोधाचे एक सोयीचे वैशिष्ट्य आहे. तो गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि नेहमीच्या वेगांत वेगाने फारसा बदलत नाही. म्हणून तो एका आकड्यात सांगता येतो. युरोपात टायरवर जे लेबल लावतात, त्यामागचा आकडा 'एका टनाला किती किलोग्रॅम' अशा रूपात असतो. ९ किलोग्रॅम याचा अर्थ असा, की टायरवर एक टन भार असेल तर तो चालता ठेवायला ९ किलोग्रॅम वजनाएवढे बल लागते. गुणांक म्हणून लिहिला तर ०.००९. मोटारीच्या टायरांसाठी ६.५ किंवा त्याहून कमी असेल तर 'ए' वर्ग, ७.८ ते ९.० म्हणजे 'सी', आणि १०.६ च्या पुढे शेवटचा 'ई'. लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाचा आकडा यापेक्षा कितीतरी कमी असतो. एक इंजिन एवढी मोठी मालगाडी ओढते, त्याचे हेही एक कारण आहे.

हा गुणांक शाळेच्या मैदानावर सायकलने काढता येतो. एक लहानसा उतार शोधा, दोन-तीन वीत उंचीचा पुरे, पण त्यापुढे मैदान सपाट हवे. उताराच्या माथ्यावरून सायकल पायडल न मारता सोडायची आणि कोठे थांबते ते मोजायचे. माथ्यावरची स्थितिज ऊर्जा वस्तुमान × g × उंची एवढी. विरोधाविरुद्ध झालेले कार्य गुणांक × वस्तुमान × g × अंतर एवढे. दोन्ही समान मांडली की वस्तुमान आणि g कटतात, आणि गुणांक म्हणजे उंची भागिले अंतर एवढेच उरते! अर्धा मीटर उतार आणि ५० मीटरवर थांबली, तर गुणांक ०.०१. यात हवेचा विरोध आणि बेअरिंगचे घर्षण मिसळलेले असते, म्हणून खरा आकडा थोडा कमी असतो हे मुलांना सांगावे. मग टायरमधली निम्मी हवा सोडून पुन्हा करा. सायकल बरीच आधी थांबते. मुलांनी एकदा हे मोजले, की पुढचे सगळे त्यांना सांगावेही लागत नाही.

आता ट्रककडे वळू. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीची नोंद आमच्याजवळ पुरेशी नव्हती, म्हणून त्याच जातीच्या एका गाडीचे छापील आकडे घेतले. रिव्हियन या कंपनीचा आर-१-टी हा पिकअप इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी बनतो. तेथील पर्यावरण संरक्षण संस्था प्रत्येक गाडीचा पल्ला ठरावीक पद्धतीने जाहीर करते. सुदैवाने याच गाडीसाठी तिने टायरनिहाय वेगळे आकडे दिले आहेत. २०२३ सालच्या चार मोटारींच्या, मोठ्या बॅटरीच्या गाडीचा पल्ला २१ इंची रस्त्याच्या टायरांवर ३२८ मैल, २२ इंची स्पोर्ट टायरांवर ३०३ मैल, आणि २० इंची, खडबडीत वाटांच्या टायरांवर २८९ मैल आहे. गाडी तीच, बॅटरी तीच. किलोमीटरमध्ये अनुक्रमे ५२८, ४८८ आणि ४६५. पहिल्या आणि शेवटच्यात १२ टक्क्यांचा फरक आहे.

या दोन आकड्यांवरून टायर न पाहता त्याचा गुणांक किती वाढला असावा, हे काढता येते का? करून पाहू. १३० युनिट भागिले ५२८ म्हणजे किलोमीटरला ०.२४६ युनिट. १३० भागिले ४६५ म्हणजे ०.२८०. फरक ०.०३४ युनिट. एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात, म्हणजे हा फरक सुमारे १,२०,००० ज्यूल. त्यातले ८५ टक्के चाकांपर्यंत पोचले असे धरले तर १,०२,००० ज्यूल. हे कार्य १,००० मीटरमध्ये झाले, तेव्हा जादा बल सुमारे १०० न्यूटन. गाडी आणि माणसे मिळून ३,४०० किलोग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ३३,३०० न्यूटन. १०० भागिले ३३,३०० बरोबर ०.००३.

म्हणजे रस्त्याच्या टायरचा गुणांक ०.००९ च्या आसपास असेल, तर खडबडीत टायरचा ०.०१२. युरोपच्या लेबलाच्या भाषेत 'सी' वरून 'ई' वर घसरण. हे उत्तर पटण्याजोगे आले, याचा आम्हांला स्वतःला फार आनंद झाला. अर्थात या १०० न्यूटनांतला सगळा वाटा रबराचा नाही. मोठ्या ठोकळ्यांची नक्षी आणि वेगळी रिम यांमुळे चाकाभोवतीची हवाही जास्त घुसळली जाते.

खडबडीत टायर इतके का खातो, तेही पाहण्यासारखे आहे. चिखलात आणि दगडांत पकड मिळावी म्हणून त्याची नक्षी खोल आणि ठोकळे मोठे असतात. प्रत्येक ठोकळा जमिनीला टेकताना वाकतो, चेपतो, पुन्हा सरळ होतो. रबर जितके जास्त, तितकी उसनवारी जास्त. शिवाय दगडाने फाटू नये म्हणून बाजूची भिंतही जाड असते. याच न्यायाने झिजलेला टायर कोऱ्या टायरपेक्षा कमी ऊर्जा खातो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. जुने गुळगुळीत टायर काढून अगदी त्याच जातीचे नवे घातले, तरी पल्ला थोडा उतरतो. म्हणून 'आधी' आणि 'नंतर'ची तुलना करताना मालक नकळत झिजलेल्या टायरशी कोऱ्याची तुलना करत असतो. आमच्या विद्यार्थ्यानेही तेच केले होते.

अमेरिकेत पिकअपवाल्यांना आणखी एक मोह असतो, तो म्हणजे 'एलटी' शिक्क्याचे, हलक्या मालवाहतुकीसाठी बनवलेले टायर. हे अधिक जाड थरांचे असतात आणि तेवढाच भार पेलायला त्यांच्यात हवाही जास्त भरावी लागते. हौद्यात रोज टनभर माल असेल तर ते योग्यच. शाळेला मुले सोडण्यासाठी मात्र ते म्हणजे लग्नाला चिलखत घालून जाण्यासारखे आहे. भाराची क्षमता टायरवर एका आकड्याने छापलेली असते (११६ म्हणजे १,२५० किलोग्रॅम), आणि विजेच्या गाड्या बॅटरीमुळे जड असल्याने तो आकडा गाडीला लागतो त्याहून कमी घेऊन चालत नाही. पल्ल्यासाठी हलका टायर शोधताना ही एक मर्यादा कधीच ओलांडू नये.

मग सगळ्यांनी कमीत कमी विरोधाचा टायर का घेऊ नये? येथे खरी गोम आहे. ज्या सवयीने रबर ऊर्जा खाते, त्याच सवयीने ते रस्ता धरते. ब्रेक दाबला की टायरचे रबर रस्त्यावरच्या बारीक खडीच्या टोकांवरून किंचित सरकते. प्रत्येक टोकावर ते दबते आणि पुरते फेडत नाही, म्हणून मागे ओढ निर्माण होते. ओल्या रस्त्यावर तर पकडीचा मोठा आधार हाच असतो. रबर अगदी प्रामाणिक, घेतले तेवढे परत करणारे बनवले तर पल्ला वाढेल, पण पावसात गाडी थांबणार नाही. अनेक वर्षे टायर बनवणारे याच पेचात होते.

वाट निघाली ती एका बारकाव्यातून. आपल्या ट्रकच्या चाकाचा परीघ सुमारे २.६ मीटर आहे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला साडेनऊ वेळा फिरते आणि रबराचा प्रत्येक भाग तेवढ्याच वेळा दबतो. ब्रेक लावताना मात्र खडीच्या टोकांवरून होणारे दबणे-सुटणे सेकंदाला हजारो, लाखो वेळा होते. कारण टोकांमधले अंतर मिलिमीटरहून लहान. म्हणजे सेकंदाला दहाच्या गतीला प्रामाणिक आणि लाखाच्या गतीला लबाड असे रबर मिळाले, तर दोन्ही साधते! पूर्वी टायरच्या रबरात भरीला मुख्यतः काजळी घालत, टायर काळा असतो तो त्यामुळे. तिच्यातल्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका (वाळूतलेच रसायन, पण अतिसूक्ष्म कणांचे) घातली आणि ती रबराला नीट बांधून ठेवणारे जोडरसायन वापरले, तर रबर असे दुहेरी वागते. १९९२ साली मिशलिन या फ्रेंच कंपनीने असा टायर बाजारात आणला. आज मोटारींच्या चांगल्या टायरांत सिलिका सर्रास असते. तरीही पेच पूर्ण सुटलेला नाही. म्हणूनच युरोपच्या लेबलावर ऊर्जेचा वर्ग आणि ओल्या रस्त्यावरील पकडीचा वर्ग शेजारी शेजारी छापतात. एक वाचून दुसरा सोडू नये. आपल्याकडेही ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने टायरांसाठी ताऱ्यांचे लेबल आणले आहे. फ्रिजवर असते तसेच.

आता विद्यार्थ्याच्या ७५ किलोमीटरांकडे. आमच्या हिशेबाने टायरचे १२ टक्के गेले तर ५०० चे ४४० व्हायला हवेत, ४२५ नव्हे. आणखी १५ किलोमीटर कोठे गेले? ते गेलेच नव्हते!

टायरच्या बाजूवर २७५/५५ आर २१ असे छापलेले असते. २७५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि २१ इंच हा रिमचा व्यास. (मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत! एवढी विचित्र खिचडी आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.) २१ इंच म्हणजे ५३३ मिलिमीटर. त्यात दोन भिंतींचे ३०३ मिळवले की बाहेरचा व्यास ८३६. त्याचा नवा टायर २७५/६५ आर २० होता. रिम लहान, पण भिंत उंच. ५०८ अधिक ३५७ म्हणजे ८६५ मिलिमीटर. साडेतीन टक्क्यांनी मोठा. गाडी आपले अंतर चाकाचे फेरे मोजून काढते. मोठ्या चाकाच्या फेऱ्यात जास्त अंतर कापले जाते, पण संगणकाला नवे माप सांगितलेले नसेल तर तो जुनाच परीघ धरतो. तेव्हा खरे ४४० किलोमीटर झाले की तो ४२५ दाखवणार. ४४० ला १.०३५ ने भागून पाहा. टायर बदलून देणाऱ्याने मापाची नोंद बदललीच नव्हती. एक धोकाही यात आहे. वेगाचा काटाही तेवढाच कमी दाखवतो.

जाता जाता २१ आणि २२ इंची टायरांचीही हीच गणिते मुलांना घालावीत. २२ चे माप २७५/५० आहे. बाहेरचा व्यास ८३४ निघतो, म्हणजे जवळजवळ तेवढाच. तरीही पल्ला २५ मैलांनी कमी. 'मोठे चाक म्हणून जास्त वीज' असे उत्तर मुले पटकन देतील, आणि ते चूक आहे. फरक रबराच्या जातीत आणि रिमच्या घडणीत शोधावा लागतो.

दुसरी बाब हवेची. या ट्रकच्या टायरात थंड असताना ४८ पौंड (प्रत्येक चौरस इंचाला) हवा भरायची असते. एका चाकावर साधारण ८५० किलोग्रॅम येतात. भार भागिले दाब केले तर जमिनीला टेकलेली जागा २५० चौरस सेंटिमीटर, दोन पोस्टकार्डांएवढी! एवढ्याशा चार जागांवर ही गाडी उभी असते. आता समजा, ४८ पौंड हवा २५ अंश सेल्सिअसला भरली आणि थंडीत तापमान उणे १० वर गेले. वायूच्या नियमात दाब निरपेक्ष धरायचा, म्हणून ४८ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवून ६२.७. त्याला २६३ ने गुणून २९८ ने भागले की ५५.३. पुन्हा १४.७ वजा केले की ४०.६. हवा कोठेही न गळता सात पौंड गेली. टेकलेली जागा जवळजवळ एक-पंचमांशाने वाढली, टायर तेवढा जास्त दबू लागला. कोलोराडोत हे दर थंडीत घडते. हवा तपासायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ते काम नेहमी मागे पडते.

आणि वेग? चाकाचा विरोध वेगाने फारसा बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अशा गाडीसाठी ठोकळ मानाने ताशी ५० ला तो ११५ न्यूटन, १०० ला ४६० आणि ११० ला ५६० येतो. चाकाचा विरोध रस्त्याच्या टायरचा ३०० न्यूटन, खडबडीत टायरचा ४००. बेरजा करा. ताशी ५० ला ४१५ चे ५१५ झाले, म्हणजे चोवीस टक्के वाढ. १०० ला ७६० चे ८६०, तेरा टक्के. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला टायरची निवड महामार्गावरच्या गाडीपेक्षा जास्त भोवते, हे आम्हांलाही आधी सुचले नव्हते. दुसरे असे, की ११० वरून १०० वर आले तर हवेचे १०० न्यूटन वाचतात. नेमके तेवढेच टायरने खाल्ले होते.

अवजड ट्रकांत हे चित्र आणखी ठळक होते. त्यांचे टायर मोठ्या व्यासाचे आणि जास्त दाबाचे असल्याने त्यांचा गुणांक मुळातच कमी. युरोपच्या लेबलात त्यांचा 'ए' वर्ग टनाला ४ किलोग्रॅमपर्यंत, 'सी' ६ पर्यंत. पण भार केवढा! मर्सिडीज-बेंझचा ईॲक्ट्रॉस ६०० हा विजेचा ट्रक माल आणि ट्रेलरसह ४० टनांचा असतो, बॅटरी ६०० युनिटांहून मोठी, पल्ला ५०० किलोमीटर सांगतात. अशा ट्रकला सगळे टायर ४ ऐवजी ६ चे घातले, तर जादा बल ८० किलोग्रॅम वजनाएवढे, सुमारे ७८५ न्यूटन. ४०० किलोमीटरच्या फेरीत त्याचे कार्य ८७ युनिट, आणि बॅटरीतून जाणारी वीज सुमारे १०० युनिट. म्हणजे बॅटरीचा सहावा हिस्सा. आमच्या विद्यार्थ्याला थोडी गैरसोय होते. या ट्रकच्या मालकाला मात्र वाटेत एक चार्जिंग वाढते किंवा तेवढा माल कमी न्यावा लागतो.

हे सगळे आम्ही विद्यार्थ्याला कळवले. कोणता टायर घ्यावा हे मात्र सांगितले नाही. वर्षातून किती दिवस कच्च्या वाटेवर जातोस आणि किती दिवस बर्फ असतो, ते तू मोज, एवढेच विचारले. त्याचे उत्तर महिन्याने आले. बर्फाचे दिवस बरेच निघाले आणि नव्या टायरवर बर्फासाठीची डोंगर-हिमकणाची खूण होती, म्हणून हिवाळ्यापुरते ते त्याने ठेवले. उन्हाळ्यासाठी रस्त्याच्या टायरांचा दुसरा संच घेणार आहे. संगणकाला नवे माप सांगितले, आणि ते बरोबर आहे का हे महामार्गाच्या कडेला असलेल्या मैलांच्या पाट्यांवरून २० मैल ताडून पाहिले. हवा दर पंधरवड्याला थंड टायरवर तपासतो. ताशी ११० ऐवजी १०० ने चालवू लागला. पल्ला ४७० वर आला.

आमच्या हिशेबाने ११० च्या वेगाला ९६० न्यूटन आणि १०० ला ८६०, म्हणजे ४४० चे ४९० व्हायला हवे होते. वीस कमी पडतात. त्याने लिहिले आहे, "सर, उणे दहात केबिनचा हीटर बंद करून बसलो तर तेही मिळतील. पण बायको गाडीत असते."